मागच्या सीटचा स्क्रीन

"मुंग्यांसाठी लिहिलंय का हे? एवढी मोठी काच दिली, आणि अक्षरं बघा! भिंग घेऊन उडायचं का माणसानं?"

कप्तानाची ही कुरकुर तिच्या दोन्ही कानांत एकदमच उतरली. दोघांनी हेडसेट चढवले होते आणि कुरकुरणारा तिच्या गुडघ्यांच्या जेमतेम वीतभर पुढे बसला होता. विमान शेडमध्येच होतं, चाकांखाली लाकडी ठोकळे आणि शेपटीला दोरी. उडायला रविवार उजाडायचा होता. पण त्यात बसलं की दोघांनाही विमानातलंच बोलायची सवय लागली होती.

"कंपनीची माहिती असेल हो ती," ती म्हणाली. "सुरू होताना येतेच. कोण वाचतंय? आता येईल मोठं."

"येईल ना. न येऊन सांगतंय कुणाला."

ती त्याच्या मानेकडे बघत बसली. दुसरं बघायला तिथे काही नव्हतंच. शेजारी शेजारी बसायची विमानं असतात, त्यांत माणूस निदान शेजाऱ्याचं तोंड तरी बघतो. यात दोन सीट एकामागे एक. मागच्याच्या वाट्याला पुढच्याची पाठ, आणि त्या पाठीआड पुढचं सगळं पॅनेल. न्हाव्याच्या कात्रीतून सुटलेला पांढरा झुपका मानेवर उभा होता. एरवी तिने तो तिथल्या तिथे कापला असता.

कप्तान हे तिच्या नवऱ्याचं लाडाचं नाव. सगळा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. चाळिशीत छोटी विमानं चालवायचा परवाना काढला, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधायला घेतलं. ती कपडे दुरुस्तीचं काम करायची. उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं. विमानाच्या सीट तिने शिवल्या, आणि हात बारीक चालतो म्हणून वायरिंगही तिच्याच गळ्यात पडलं. सीट ठरल्या त्या दिवसापासून तो तिला "मागची" म्हणायला लागला. "मागची, पाना दे." "मागची, भाजीत मीठ कमी आहे." एवढं मोठं विमान बांधून मिळालं काय, तर ही बढती.

गेल्या हिवाळ्यापासून कप्तान तिच्याशी बोलताना तिच्या कानाकडे बघायचा.

आधी तिला वाटलं, कानातलं पडलंय. दोनदा चाचपून बघितलं. मग लक्षात आलं की तो चहाच्या कपाच्याही जरा बाजूला बघतो, वर्तमानपत्राच्याही. थेट समोरचं त्याला नको असल्यासारखं. लाजाळू झालाय का या वयात, असं म्हणून ती मनात हसलीसुद्धा.

मग ती रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, ओळ आली. शेपटीच्या पत्र्यावर ती आणि तिचा दीर, दोघांनी मिळून मारलेली. कप्तानाने डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाला, "वाकडी आहे. मध्ये पोट आलंय." दिराने पोलादी पट्टी लावली. पट्टी ओळीवर अशी बसली, जशी तिथेच जन्मली होती. दिराने पट्टीकडे बघितलं, दादाकडे बघितलं, पट्टी खिशात घातली आणि म्हणाला, "हो दादा. जराशी आलीय पोटात." सगळे रिव्हेट ड्रिलने काढले, पुन्हा मारले. बरोबर त्याच भोकांत. कप्तान म्हणाला, "आता कशी सुतासारखी!" लेक शेजारीच उभी होती, तीही म्हणाली, "एकदम सुतासारखी, बाबा." तिघांनी माना डोलावल्या, आणि त्या दिवसापासून एकमेकांच्या डोळ्याला डोळा द्यायचं बंद केलं.

चष्मेवाल्याकडे तीच घेऊन गेली होती त्याला. चष्मेवाल्याने भिंगं बदलून बदलून शेवटी हात टेकले. "हे चष्म्याचं काम नाही. नजरेच्या मधोमध काहीतरी होतंय. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, आणि लांबवू नका." परत येताना कप्तान अर्ध्या रस्त्यात थांबला. मग म्हणाला, "विमान होऊन जाऊ दे. मग बघू."

ती म्हणाली, "हो."

एवढुसा शब्द. तो 'हो' तिने नंतर कितीतरी वेळा उसवून बघितला. त्यात माया होती, हे खरं. पण आतल्या बाजूने बघितलं तर भीतीही होती, आणि भांडण नको म्हणून केलेली चालढकलही. लांबवू नका, असं तो परका माणूस सांगत होता, आणि घरच्या माणसाने लांबवलं. डोळ्यांतली ती मधली जागा तेव्हा केवढी होती आणि आता केवढी झाली असेल, हा हिशेब मनात आला की ती उठून काहीतरी शिवायला घ्यायची.

मग विमानाचे स्क्रीन घ्यायची वेळ आली.

दुकानात एक भिंतभर स्क्रीन लावलेले होते. सगळ्यांवर निळं आकाश, तपकिरी जमीन, मधे क्षितिजाची रेघ. एकावर वेग आणि उंची, दुसऱ्यावर इंजिनचं तेल, तापमान, फेरे. विक्रेता कोवळा आणि उत्साही होता. "साहेब, पुढचा स्क्रीन, मागचा स्क्रीन आणि इंजिनची मापं घेणारा डबा, तिन्ही एकाच घरातले, एकाच कंपनीचे घ्या. एका घरातले असले की एकमेकांचं ऐकतात."

"तुमचं लग्न व्हायचंय वाटतं," ती म्हणाली.

कप्तान सगळ्या भिंतीवरून फिरला आणि सर्वांत मोठ्या स्क्रीनपुढे थांबला. त्यावरचे आकडे अंगठ्याएवढे. "हा रुबाबदार आहे," तो म्हणाला. दीर म्हणाला, "झकास आहे." लेक म्हणाली, "रंग किती छान आहेत." रुबाब आणि रंग! आकडे मोठे आहेत, हे साधं वाक्य काही कुणाच्या तोंडून आलं नाही.

पण त्या मोठ्या स्क्रीनच्या घरातला इंजिनचा डबा घ्यायचा, तर दिराने आधीच आणलेल्या डब्याचं काय? दिराने दादाला हौसेने भेट दिलेला डबा तो, वेगळ्याच कंपनीचा. आणि बोलणारा! तेल कमी झालं की आतली बाई कानात सांगायची, तेल कमी. आणला तेव्हा कप्तानाने विचारलं होतं, "बोलणारा कशाला रे?" "हल्ली सगळं बोलतंच, दादा," दीर म्हणाला होता, आणि मग उगाच खोकला होता. तिला तेव्हाच कळलं, याला माहितीये. आणि तिला कळलं, हे त्यालाही कळलं. दोघांनी चहा घेतला.

"भाऊजींचा डबा काढायचा नाही," तिने दुकानात जाहीर केलं. "आणि मला मागे स्क्रीन हवा. पूर्ण. इंजिनसकट."

"वहिनी, मागे बसणाऱ्याला एवढं कशाला? उंची नि वेग बास झाला की."

"मला क्षितिज दिसलं नाही की मळमळतं."

"आणि तेलाचा दाब बघून थांबते का मळमळ?"

"घेऊ दे रे," कप्तान मधेच म्हणाला, स्क्रीनच्या जरा बाजूला बघत. "मागचीला सगळं दिसायला हवं."

दीर किमतीची पाटी वाचायला लागला. विक्रेता मात्र पेन डोक्याला लावून विचारात पडला. पुढचा स्क्रीन एका घरातला, इंजिनचा डबा दुसऱ्या. मागचा त्याने डब्याच्याच घरातला दिला, म्हणजे तो डब्याची भाषा थेट समजेल. पुढच्याला मात्र ती भाषा परकी, म्हणून मधे काडेपेटीएवढी एक डबी बसवायची. डबी इकडचं ऐकून तिकडे सांगणार, तिकडचं इकडे. दुभाषी.

"चालतं ना हे असं?" दिराने विचारलं.

"बहुतेक चालतं," विक्रेता म्हणाला. "पण मी अजूनही सांगतो, एका घरातलेच..."

तो बिचारा खरं तेच सांगत होता. पण त्यांच्या घराची रीतच अशी, की कुणाचं मन मोडायचं नाही, मग पॅनेलचं कडबोळं झालं तरी चालेल. मोठ्या आकड्यांसाठी एक कंपनी, भावाच्या मायेसाठी दुसरी, आणि बायकोच्या खोटेपणासाठी मागे एक जास्तीचा स्क्रीन. ती परत येताना दुभाषी डबी मांडीवर घेऊन बसली होती. तिला ती डबी ओळखीची वाटत होती.

कारण दुभाष्याचं काम तिचं केव्हाच सुरू झालं होतं. आधी ती नुसती उजळणी होती. कप्तान म्हणायचा, "मागची, तूही शिकून ठेव. बोलून दाखव." मग संध्याकाळी दोघं विमानात बसायची. ती उड्डाणाच्या पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून माइकमध्ये पुटपुटायची, "वेग साठ," आणि तो पुढून खड्या आवाजात म्हणायचा, "वेग साठ!" "उंची तीनशे." "उंची तीनशे!" तिचं पुटपुटणं त्याच्या कानाबाहेर जात नसे, आणि त्याचं खडं बोलणं आख्ख्या शेडला ऐकू जाई. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, काय झरझर वाचतोय माणूस. हे उजळणीवरून कामावर कधी गेलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ठरवून केलं असतं तर बोलावं लागलं असतं.

लेक तरणतलावावर पोहायला शिकवायची. घसा मोठा, मन त्याहून मोठं. तिने एके दिवशी येऊन बटणांजवळ आणि स्क्रीनच्या कडांवर रबराचे फुगीर ठिपके चिकटवले. एक ठिपका तेलाच्या तापमानापाशी, दोन दाबापाशी. "कशाला गं?" कप्तानाने बोट फिरवत विचारलं. "दिसायला छान," लेक म्हणाली. काळ्यावर काळे ठिपके, दिसायला छान!

म्हणजे तिघांनी मिळून, एकमेकांना चकार शब्द न बोलता, न दिसणाऱ्या माणसासाठी एक उत्तम विमान तयार केलं होतं.

ते जमिनीवर होतं तोवर चाललं. पण परवा जेवताना रविवारच्या उड्डाणाची गोष्ट निघाली. दीर म्हणाला, "पहिल्या उड्डाणाला एकट्यानंच जायचं असतं, दादा."

"मागची येणार. मागे वजन नसलं तर नाक जड होतं."

"वाळूची गोणी ठेवू की."

"वाळूची गोणी बोलते का?" कप्तान म्हणून गेला.

ताटांवर सगळे थांबले. कप्तानाने पाण्याचा पेला उचलला, जरा उशिरा सापडला तो त्याला. मग तिनेच हसून म्हटलं, "माझी आणि वाळूच्या गोणीची बरोबरी! जाईन मी. इतकी वर्षं मागेच तर बसलेय." लेकीने मान खाली घातली. दीर भाजी फार छान झालीय म्हणाला.

मी जाईन, असं ती म्हणाली तेव्हा तिला वाटलं होतं, हेच प्रेम. अंथरुणावर पडल्यावर मात्र ती उठून बसली. आपण आकडे सांगू, पण उतरताना जमीन कोण सांगणार? आपल्याला पुढचं दिसतं तेवढं त्याच्या खांद्यावरून, तेही निम्मं. दोघांचं काय व्हायचं ते होवो. धावपट्टीच्या कडेला हात हलवत उभं राहणार कोण? लेक. त्या पोरीच्या डोळ्यांदेखत. आणि ते सगळं आपल्या त्या दोन 'हो'च्या बळावर. रविवार जवळ येत होता, आणि तिच्या जिभेखाली तो शब्द नुसता विरघळत नव्हता.

"आलं!" पुढून कप्तानाचा आवाज आला. "आकाश आलं, जमीन आली. मागची, तुझ्याकडे?"

तिच्यासमोरचा स्क्रीन उजळला. एका बाजूला आकाश-जमीन, दुसऱ्या बाजूला इंजिनचे आकडे, सगळे जागच्या जागी. "आलं," ती म्हणाली.

विमानाच्या नाकावरचं झाकण काढून दीर आत हात घालून उभा होता. इंजिन चालवायचं नव्हतं. तेलाचं तापमान मोजणारा सेन्सर त्याने वायरीसकट बाहेर ओढून घेतला होता. स्टुलावर गरम पाण्याची किटली, किटलीत थर्मामीटर. सेन्सर त्या पाण्यात बुडवायचा आणि दुभाष्यामार्फत पुढच्या स्क्रीनवर तेच तापमान दिसतंय का, ते बघायचं. बाहेर वारा सुटला होता म्हणून शटर पूर्ण खाली ओढलेलं, आणि छताला दोन ट्यूबलाइट. वर उघडलेली कॉकपिटची काच धरून लेक एका पेटीवर उभी होती, बापाच्या खांद्याशीच.

"काका, त्या किटलीत आता चहा करू नका," लेक म्हणाली.

"विमानाच्या तेलाचा चहा प्यायलीस तर उडशील, तुला विमान लागणार नाही," दीर म्हणाला. "दादा, टाकतोय हं! बघ. काय दाखवतंय?"

तिच्या स्क्रीनवर आकडा हलला. "चोवीस," ती माइकमध्ये पुटपुटली.

"चोवीस!" कप्तान गरजला.

"चढतंय का?"

"एकोणचाळीस."

"एकोणचाळीस!"

"पंचावन्न. थांबलं."

"पंचावन्न! थांबलं!"

"थर्मामीटर पण पंचावन्नच म्हणतोय!" दीर ओरडला. "शाब्बास! दादा, चालला रे दुभाषी! तो दुकानवाला उगाच घाबरवत होता."

कप्तान पुढे खुशीत हसला. त्याच्या पाठीवरून तिला कळलं. तिलाही क्षणभर बरं वाटलं. मग तिची नजर वर गेली. लेक हसत नव्हती. ती बापाच्या खांद्यावरून पुढच्या पॅनेलकडे बघत होती, आणि काच धरलेला हात खाली यायला लागला होता.

"बाबा, तुम्ही कुठला आकडा वाचताय?"

"हा काय. तेलाचं तापमान." त्याचं बोट फुगीर ठिपका शोधून बरोबर जागेवर जाऊन टेकलं. "पंचावन्न."

लेकीने मागे वळून आईकडे बघितलं. आईच्या ओठांकडे, ओठांना टेकलेल्या माइककडे. मग पुन्हा पॅनेलकडे.

"काय झालं गं?" दीर हात पुसत आला, चाकावर पाय देऊन वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. "अरे. इथे तर रेघा आहेत."

"कसल्या रेघा?" कप्तानाने विचारलं.

"आकड्यांच्या जागी. नुसत्या आडव्या रेघा. इंजिनच्या सगळ्या खान्यांत. दुभाषी काही पोचवतच नाहीये की पुढे." हे तो बोलून गेला यंत्राकडे बघून, कारागिराच्या उत्साहाने. आणि मग त्याला बाकीचं कळलं. त्याचा चेहरा रिव्हेटच्या ओळीच्या दिवशी होता तसा झाला.

मागच्या सीटवर तिने माइक ओठांपासून दूर सारला. पुढचा स्क्रीन तिला कधी दिसतच नव्हता. तो रिकामा असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं; ती आपली आकडे पुरवत गेली आणि तो रिकाम्या काचेवरून वाचत गेला. एवढ्या सगळ्यांच्या देखत तिने त्याला उघडं पाडलं होतं, तेही झाकायला जाऊन.

शेडमध्ये वाऱ्याने शटर खडखडलं. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मगाशी होते की आकडे," दीर म्हणाला. "आत्ता गेले असतील. वायर सैल असेल."

"हो, मी पण... मला वाटतं मगाशी होते," लेक म्हणाली. ती कधी खोटं बोलली की तिचा तो मोठा आवाज बारीक व्हायचा. "किंवा ऊन चमकतंय काचेवर. त्याने नीट दिसत नाही."

"ऊन," कप्तान म्हणाला. तो शब्द त्याने दोन्ही हातांनी धरला. "तेच म्हणतोय मी. ऊन फार येतं इथे."

ऊन! बंद शटर, वर दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी. तिघांनी मिळून तिच्यासमोर दार उघडून धरलं होतं. तिने फक्त म्हणायचं, की हो ना, ऊन आहे. मग दीर उद्या डबी बदलेल, रेघांच्या जागी आकडे येतील, आणि रविवारी सकाळी लेक कडेला उभी राहून हात हलवेल. तिसरा 'हो'. आधीच्या दोन्हींइतकाच सोपा.

कप्तान तिच्याकडे वळला. सीटमध्ये वळणं अवघडच. खांदा अडला, हेडसेटची वायर ताणली गेली. तो तिच्या कानाकडे बघत होता. तोंडावर हसू होतं, आणि तिला दिसलं की तो वाट बघतोय. नेहमीसारखाच. ती पुरवेल त्या शब्दाची.

तिने माइक ओठांशी ओढला. नेहमीच्याच पुटपुटण्यात, आकडा सांगावा तसं, सांगितलं, "अहो, तुम्हाला दिसत नाही."

तो पुन्हा पुढे वळला. हात गुडघ्यांवर ठेवले. आणि रोज संध्याकाळी म्हणायचा तसंच, खड्या आवाजात, आख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाला,

"मला दिसत नाही."